कावळ्याला विचारलेला प्रश्न

एप्रिल सरत आला की एक मजकूर दरवर्षी मोबाइलवर फिरू लागतो. कावळ्यानं आंब्यावर किंवा करंजावर घरटं केलं तर पाऊस चांगला, बाभूळ-सावरीसारख्या काटेरी झाडावर केलं तर कमी. घरटं झाडाच्या पूर्वेला असेल तर भरपूर, पश्चिमेला असेल तर बेताचा, दक्षिण-उत्तरेला असेल तर फारच थोडा आणि अगदी शेंड्यावर असेल तर दुष्काळ. चार अंडी असली तर उत्तम, दोन असली तर कमी, एकच असलं तर काही खरं नाही. पुण्या-मुंबईत राहणारे, वर्षानुवर्षं कावळ्याचं घरटं न पाहिलेले नातेवाईकही हा मजकूर मनापासून पुढे पाठवतात.

मी माणदेशातला. हे वाचताना मला आधी आमचं शिवार दिसतं. बांधाला बाभळी, वस्तीजवळ लिंब, माळावर बोरी आणि हेकळ, ओढ्याच्या कडेला कुठं एखादा करंज. आमचा कावळा घरटं करणार ते बाभळीवर, नाहीतर लिंबावर. म्हणजे या नियमानं बघितलं तर आमच्या कपाळी दरवर्षी कमीच पाऊस लिहिलेला. तो कमी पडतोही, पण बाभळीमुळे नाही. सह्याद्रीच्या आड पडलेला हा पट्टा आहे म्हणून कमी पडतो. त्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि माण तालुक्यात पाचशे मिलिमीटरच्या आसपास झाला तरी वर्ष बरं गेलं म्हणतात. 'चांगला पाऊस' म्हणजे किती, हे कावळा कोणत्या गावाच्या हिशेबानं सांगतो?

हे मी कुणाला खोटं पाडायचं म्हणून विचारत नाही. या लक्षणांवर मी वाढलो. आमच्या घरात पेरणीचं, वैरणीचं, पापड-कुरडयांचं वेळापत्रक त्यांच्यावर चालायचं. त्यांतली काही मला आजही पटतात, अगदी ठामपणे पटतात. म्हणूनच त्यांची सरसकट खिचडी झालेली बघवत नाही.

कावळ्याची ही लक्षणं शहरातल्या वाचकापर्यंत पोचली ती मुख्यतः मारुती चितमपल्ली यांच्या लेखनातून. सोलापुरात जन्मलेला हा माणूस वनाधिकारी म्हणून नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशा रानांत राहिला, तिथल्या आदिवासींकडून, जुन्या वाटाड्यांकडून ऐकलेलं त्यांनी जपून ठेवलं. २०२५ च्या जूनमध्ये, मृग नक्षत्र चालू असतानाच ते गेले. विदर्भाच्या त्या रानात आंबा आहे, करंज आहे, सावर आहे आणि बाभूळही आहे. तिथल्या कावळ्याला निवड करता येते. तिथल्या म्हाताऱ्यानं 'यंदा यानं करंज सोडून बाभूळ का धरली?' असं विचारलं, तर उत्तर काहीही निघो, प्रश्न तरी खरा आहे. तोच प्रश्न उचलून माणदेशात आणला की त्याला बूडच राहत नाही.

आपण 'पशुपक्ष्यांवरून पावसाचा अंदाज' या एका नावाखाली दोन वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो, असं मला दिवसेंदिवस वाटत चाललं आहे. एक आहे आजचा पाऊस: संध्याकाळपर्यंत येईल का, वाळवण आत घ्यायचं का, गंजी झाकायची का. दुसरा आहे यंदाचा पाऊस: चार महिने कसे जातील, बी-बियाण्यात पैसा घालायचा की जनावरं विकायची. पहिल्याचं उत्तर मुंगीपाशी असतं. दुसऱ्याचं उत्तर कुणाही प्राण्यापाशी नाही. पण दुसरा प्रश्न इतका मोठा, इतका जीवघेणा की माणसानं तोच जास्त विचारला.

आधी मुंगीचं सांगतो. वळिवाचे दिवस असत. दुपारी अंगणात बाजेवर कुरडया, सांडगे, खारवडे वाळत पडलेले. आकाशात ढगाचा ठिपका नाही. आणि आज्जी ओसरीच्या कडेला वाकून भिंतीच्या बुडाशी बघत असायची. काळ्या मुंग्यांची रांग खालच्या फटीतून निघून वर चौकटीकडे चाललेली आणि प्रत्येकीच्या तोंडात पांढरा दाणा. "अंडी काढली गं मुंग्यांनी. वाळवान आत घ्या." एवढंच बोलायची. आम्ही पोरं कुरकुरत बाजा आत ओढायचो. पाऊस नेहमीच यायचा असं नाही. कधी नुसतं वारं सुटून धुरळा उडायचा. पण पुष्कळदा यायचा, आणि आला की शेजारच्या अंगणात पळापळ व्हायची.

ते पांढरे दाणे बहुतेक वेळा अंडी नसतात, मुंग्यांच्या अळ्या आणि कोष असतात, हे मला पुढे कळलं. त्यानं आज्जीच्या बोलण्याला काही उणेपण येत नाही. मुंग्या आपल्या पिल्लांना ओल आणि ऊब यांच्या नेमक्या मापात ठेवतात. वारुळातली ओल वाढली, हवा बदलली की त्या पिल्लावळ हलवतात. वळिवाच्या आधी हवा जड होते, दमट होते, माणसालाही घुसमटल्यासारखं वाटतं. मुंगीला ते जमिनीच्या आत, आपल्याआधी कळतं. यात भविष्य काही नाही. पाऊस गावाच्या वेशीपर्यंत आलेला असतो, मुंगी फक्त आपल्याआधी दार उघडते.

अशी बरीच लक्षणं होती. पाकोळ्या एरवी उंच फिरायच्या, त्या पाऊस जवळ आला की अगदी जमिनीलगत सुर मारायच्या, कारण त्यांचं भक्ष्य असलेले किडे खाली उतरलेले असायचे. बांधलेली कालवड अचानक शेपटी वर करून उधळायची. सरडा बाभळीच्या शेंड्याला जाऊन मान वर करून बसायचा. वस्तीवर मेंढरं बसवायला आलेला धनगर आभाळाकडे न बघता कळपाकडे बघायचा. मेंढरं चरायची थांबून एकाच बाजूला पाठ करून दाटीनं उभी राहिली की म्हणायचा, "वारं त्या अंगानं येनार. कोकरं झाका." आमच्याकडचे कितीतरी धनगर दसरा-दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणाकडे, नाहीतर कृष्णाकाठाकडे जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परत येतात, कारण घाटाखालचा पाऊस मेंढराला सोसत नाही. ज्याचं सगळं धन पायांवर चालतं आणि उघड्यावर निजतं, त्याला तासाभराची आगाऊ खबरसुद्धा कितीतरी मोलाची.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकातल्या ग्रंथात, 'सद्योवर्षण' नावाचा एक अध्याय आहे. नावातच त्याची मर्यादा सांगितली आहे: लवकरच, आत्ताच येणारा पाऊस. त्यात कारण नसताना अंडी हलवणाऱ्या मुंग्या आहेत, झाडावर चढ-उतार करणारे साप आहेत, उड्या मारणाऱ्या गायी आहेत, नखांनी जमीन खरवडणारी मांजरं आहेत आणि झाडाच्या शेंड्यावर बसून आभाळाकडे टक लावणारा सरडासुद्धा आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थक्क झालो. आज्जीला अक्षरओळख नव्हती. तिच्या आणि उज्जैनच्या त्या पंडिताच्या मध्ये दीड हजार वर्षं गेली, तरी सरडा त्याच शेंड्यावर. त्याहून मोलाचं मला हे वाटतं की मुंग्या-सरड्यांची ही लक्षणं त्यानं आजच्या पावसाच्याच खात्यात ठेवली.

बेडकाची गोष्टही तशीच. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात बेडकांचं एक सूक्त आहे. वर्षभर व्रत धरून गप्प बसलेल्या ब्राह्मणांसारखे बेडूक पर्जन्यानं चेतवल्यावर बोलू लागतात, असं त्यात म्हटलं आहे. क्रम अगदी बरोबर आहे. मोठा बेडूक, ज्याचा नर पहिल्या दणक्या पावसात हळदीसारखा पिवळाधमक होतो, तो पाऊस पडल्यावर ओरडतो. तो पावसाचा साक्षीदार. वाळवीच्या पाखरांचंही तेच: ती ढिगानं बाहेर पडतात ती बहुधा पहिल्या पावसानं माती मऊ झाल्यावर, कारण पंख गाळून नवं घर उकरायला त्यांना ओली जमीन लागते. मग कावळे, साळुंक्या, कोतवाल, वेडे राघू, सगळ्यांची त्यांच्यावर झुंबड उडते. मृगाचा मखमली लाल किडाही पाठोपाठ येतो, याच वाळवीच्या मागावर.

आता यंदाच्या पावसाकडे येतो. इथं मला आज्जीचंच एक वाक्य आठवतं. घरात कुणीतरी कावळ्याच्या घरट्याचं काढलं होतं, पूर्वेला आहे म्हणून आनंदानं सांगितलं होतं. ती चुलीपुढून म्हणाली, "बहात्तर सालीबी उगवतीलाच केल्यालं." पुढं कुणी काही बोललं नाही. १९७२ चा दुष्काळ तिनं खडी फोडून काढला होता.

घरटं उगवतीला का असतं, याचं एक साधं कारण मला दिसतं. उन्हाळा संपताना आमच्याकडे वारं मावळतीकडून सुटतं, आणि घरटं बांधणाऱ्यानं खोड-फांद्यांचा आडोसा धरला तर तो झाडाच्या पूर्वेच्या अंगालाच मिळतो. सुगरणीची घरटीही बऱ्याचदा अशीच पूर्वेच्या अंगाला लटकलेली दिसतात. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला याच सुगरणीवर दिवसच्या दिवस नजर ठेवून, नर एकामागून एक घरटी बांधून वेगवेगळ्या माद्यांना कसा राजी करतो, हे शोधून काढलं. पाखरू काय करतं हे बघायला बसावं लागतं. ते काय सांगतं हे ठरवण्याआधी तर नक्कीच.

अंड्यांचा हिशेब तर आणखी डळमळीत. कावळ्याच्या घरट्यात कोकिळा अंडी घालते. खालून मोजणाऱ्यानं कावळ्याची मोजली की कोकिळेची? टिटवीबद्दलही असंच सांगतात: नदीच्या पात्रात अंडी घातली तर पाऊस कमी, उंचवट्यावर घातली तर जास्त, आणि चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस. टिटवी साधारणपणे चारच अंडी घालते, सुकाळात आणि दुष्काळातही. पण टिटवीवरच्या या श्रद्धेनं एक फार चांगली गोष्ट केली आहे. औत धरलेला शेतकरी तिची अंडी दिसली की तेवढा तुकडा न नांगरता सोडतो. आमच्याकडे ट्रॅक्टरवालेही सोडतात. अंदाज चुकला तरी पिल्लं वाचतात, हे मला पुरेसं आहे.

आणखी एक अडचण आहे, ती खास आमच्या भागाची. कावळ्याचं घरटं मे महिन्यातलं. आमचा खरा आधार असतो तो उत्तरा-हस्ताचा, परतीचा पाऊस. त्यावर शाळू पेरतात, त्यावर विहिरींना पाणी येतं. जून-जुलैत आभाळ नुसतं वाहून जातं. मेमधल्या घरट्यानं सप्टेंबर-ऑक्टोबरच्या शाळवाचं काय सांगावं?

पंचांगात पावसाच्या नक्षत्रांना दिलेली वाहनं मी यात धरत नाही, कारण ते प्राणी रानातले नाहीतच. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं, नवानं भागायचं, बाकी शून्य उरली तर हत्ती, एक उरली तर घोडा, दोन उरली तर कोल्हा, तीनला बेडूक, असं गाढवापर्यंत. बेडूक-म्हैस-हत्ती आले की लोक खूश होतात. ही गणिताची बाकी आहे, तिला कुणी पाहिलेलं नाही.

मग इतकं असूनही माणसं कावळ्याला का विचारत आली? मला वाटतं, कारण दुसरं कुणी त्यांच्या गावाबद्दल बोलतच नव्हतं. हवामान खातं १८७५ सालचं. मॉन्सूनचा हंगामी अंदाज देण्याची त्याची परंपरा १८८६ पासूनची. पुण्यात शिवाजीनगरला त्याची जी इमारत आहे तिला अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात, कारण १९२८ मध्ये मुख्य कार्यालय सिमल्याहून तिथं आलं. एप्रिलमध्ये हवामान खात्याकडून देशाचा अंदाज निघतो: दीर्घकालीन सरासरीच्या इतके टक्के. ती सरासरी सुमारे ८७ सेंटिमीटर. हे शास्त्र मोठं आहे, समुद्राचं तापमान, वाऱ्यांची हालचाल, सगळं त्यात येतं, आणि माझा त्यावर विश्वास आहे. पण देशाला ८७ सेंटिमीटर पडून माझं शिवार कोरडं राहू शकतं, आणि राहिलेलंही आहे. कावळ्याचं घरटं निदान आपल्याच बांधावर होतं. ज्यानं घरातलं शेवटचं सोनं मोडून बाजरीचं बी आणलं, त्याला आपल्या बांधावरचं कुणीतरी बोलायला हवं होतं. त्याला अडाणी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

तरीही भोळेपणाची किंमत मोजावी लागते, आणि ती पावशाच्या बाबतीत सगळ्यांत जास्त. उन्हाळ्याच्या अखेरीस, ढग दाटलेल्या उकाड्याच्या दिवसांत पावशा 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' करत एकेक सूर चढवत नेतो, रात्रीसुद्धा. त्याची घाई वेगळी आहे. तो सातभाईच्या घरट्यात अंडी घालणारा पक्षी, त्याच्या विणीचा हंगाम आलेला असतो. ते ऐकून हात शिवशिवतात, खरंच शिवशिवतात. पण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल उतरल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं, ते दुबार पेरणीनं मोडलेली घरं बघून. पहिल्या सरीवर टाकलेलं बी उगवतं, मग तीन आठवडे उघडीप पडते, आणि कोंब उन्हात करपतात. पावशाला दुबार पेरणी नसते.

काही जीव मात्र केवळ तिथी सांगतात, आणि ती बऱ्यापैकी खरी असते. चातक आफ्रिकेतून अरबी समुद्रावरून येतो, मॉन्सूनला आणणारे वारे त्यालाही आणतात, म्हणून दोघं थोड्याफार फरकानं एकत्र पोचतात. भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची इकडे मेच्या अखेरीस हिरडा-बेहड्याची झाडं काजव्यांनी लखलखू लागली की पावसाळा तोंडावर आला समजायचं. पण तिथीसुद्धा चुकते. २०२५ मध्ये मॉन्सून केरळात २४ मेला आला आणि २६ मेला मुंबईत, जिथं त्याची नेहमीची तारीख ११ जून आहे. बारामती, फलटण, माण या सदा कोरड्या भागांत मेमध्येच ओढे वाहिले. आमच्या लिंबावरच्या कावळ्यांची पिल्लं तेव्हा घरट्यातच होती. दोन घरटी वाऱ्या-पावसानं खाली आली. पिल्लं चिखलात पडलेली, आणि वर कावळे नुसते कलकलाट करत होते. ज्या पाखराला पुढचे चार महिने कळतात असं आपण म्हणतो, त्याला पुढचे चार दिवस कळले नव्हते. त्या दिवसापासून तो फिरणारा मजकूर मला जास्तच टोचतो.

आणि मला खरी हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. कावळ्याचं घरटं, अंड्यांची संख्या, दिशांचे नियम, हे सगळं चार ओळींत मावतं, म्हणून ते पुढे पाठवता येतं आणि टिकतं. आज्जीच्या मुंग्या पुढे पाठवता येत नाहीत. त्या कोणत्या भिंतीच्या कोणत्या फटीतून निघाल्या म्हणजे खरं आणि कोणत्या फटीतून निघाल्या म्हणजे सोडून द्यायचं, हे तिला त्या घरात पन्नास वर्षं राहून कळलं होतं. धनगराची मेंढरं, कालवडीचं उधळणं, हे बघायला तिथं उभं राहावं लागतं. जे खरं आहे ते गावाबाहेर जात नाही, आणि गावात आता ओसरीच्या जागी फरशी आली, मातीच्या भिंती गेल्या, कालवडी कमी झाल्या. जे टिकायला हवं तेच आपण हरवतो आहोत.

म्हणून काही वर्षांपासून मी एक वही ठेवली आहे. पावशा पहिल्यांदा कधी ऐकला, मुंग्यांनी पिल्लावळ कधी हलवली, वाळवीची पाखरं कोणत्या संध्याकाळी निघाली, आणि शेजारच्या रकान्यात महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचा आकडा. कावळ्याच्या घरट्यांची दिशाही लिहितो. ती बहुतेक पूर्वेलाच असतात, वर्ष कसंही असो. मुंग्यांच्या नोंदी मात्र वाचण्यासारख्या आहेत. वळिवात त्यांचा भरवसा जास्त, मॉन्सूनच्या रिपरिपीत जवळजवळ नाही, कारण तेव्हा हवा सतत ओलीच असते. हे आज्जीलाही माहीत असणार, कारण श्रावणात तिला मुंग्यांकडे बघताना मी कधी पाहिलं नाही.

शेजारची सातवीतली मुलगी आता या वहीत लिहायला येते. चिमण्या धुळीत लोळल्या की पाऊस येतो, हे तिच्या आजोबांचं म्हणणं. मी तिला सांगितलं की पिसांतल्या उवा-पिसवा घालवायला चिमण्या कोरड्या धुळीत कधीही लोळतात, त्यात पावसाचं काही नाही. तिला ते मान्य नाही. ढग असलेल्या दिवशी त्या जास्त वेळ लोळतात, असं तिचं म्हणणं आहे, आणि मोजायला तिनं घरातलं जुनं घड्याळ मागून घेतलं आहे. येत्या वैशाखात अंगणाच्या कोपऱ्यात धूळ तशीच ठेवायची, झाडायची नाही, एवढं आमचं ठरलं आहे.